ड जीवनसत्त्वाच्या गोळीने साखर उतरते का? (आठवड्याची ६० हजारवाली)

मृदुला_के

मंडळी, ऑफिसच्या वार्षिक तपासणीत माझी एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) ६.१ आली, उपाशीपोटी साखर ११२ आणि ड जीवनसत्त्व ११. वय ४७. आईला साखर, दोन्ही मावश्यांना साखर, त्यामुळे आभाळ कोसळलं वगैरे नाही. पण अजून पाच-सात वर्षं हातात आहेत असं धरून चालले होते.

डॉक्टरांनी आठ आठवडे, दर रविवारी एक अशी ६० हजार युनिटची गोळी लिहून दिली. चालायला सांगितलं, भात-पोळीचं माप कमी करायला सांगितलं, तीन महिन्यांनी या म्हणाले. इथपर्यंत ठीक. पण बातमी फुटल्यापासून सल्ल्यांचा पूर आलाय. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण शपथेवर सांगते की तिची ६.३ वरून ५.७ झाली ती फक्त ड घेऊन. सोसायटीच्या ग्रुपवर 'ड वाढवा, मधुमेह पळवा' हा लेख एकाच दिवसात तिघांनी टाकला.

तर खरंच ड ने साखर उतरते का? आणि आठ आठवडे संपले की पुढे काय, बंद की चालू? कृपया 'सकाळचं ऊन खा' एवढं सांगू नका. डोंबिवलीहून सकाळची फास्ट पकडते आणि परत येते तेव्हा रस्त्यावरचे दिवे लागलेले असतात. रविवारी झोपते.

तिरकस_आण्णा

गोळीने साखर उतरते की नाही माहीत नाही, पण ड ची तपासणी केल्यावर खिसा नक्की उतरतो. हजार-बाराशे घेतले माझ्याकडून, आणि रिपोर्टात काय तर 'कमी'. ते मी फुकट सांगितलं असतं.

सूर्यपुत्र

मृदुलाताई, बिनधास्त घ्या आणि बंद करू नका. ड हे जीवनसत्त्व नाहीच, ते संप्रेरक आहे. मी गेली दोन वर्षं दर आठवड्याला ६० हजार घेतोय, पातळी ९६ आहे, गुडघे दुखत नाहीत, सर्दी नाही, साखर एकदम काबूत. ३० ला 'नॉर्मल' म्हणतात ती धूळफेक आहे, खरी पातळी ८० च्या वर हवी. चार रुपयांच्या गोळीने मधुमेह बरा झाला तर इन्सुलिन कोण विकत घेणार, याचा विचार करा.

फार्मसीवाला

चार रुपयांना कुठे मिळते तेवढं सांगा, मी तिथूनच माल उचलतो. :)

स्टेथोविसरे

फिजिशियन आहे, त्यामुळे थोडं लांबण लावतो, माफ करा.

ड कमी असलेल्या लोकांत मधुमेह जास्त दिसतो हे खरं आहे आणि पुष्कळ देशांत दिसलेलं आहे. स्वादुपिंडाच्या बीटा पेशींवर ड चे रिसेप्टर असतात, इन्सुलिन सोडायला त्या पेशींना कॅल्शियम लागतं, म्हणजे कागदावर दुवा जुळतो. पण रस्त्यात छत्र्या दिसल्या म्हणून पाऊस छत्र्यांनी आणला असं होत नाही. वजन जास्त असलं की ड चरबीत मुरतं आणि रक्तात कमी भरतं. जो घराबाहेर पडत नाही, हालचाल करत नाही, त्याचंही कमी भरतं. आणि नेमक्या याच लोकांना मधुमेह होतो. मग कशामुळे काय झालं हे कळायला गोळी देऊनच बघावं लागतं.

अमेरिकेत तसं बघितलं. डी२डी नावाची चाचणी, २०१९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे २४२३ लोक, अर्ध्यांना रोज ४००० युनिट ड३, अर्ध्यांना तशीच दिसणारी रिकामी गोळी. साधारण अडीच वर्षांत ड घेणाऱ्यांपैकी २९३ जणांना मधुमेह झाला, रिकामी घेणाऱ्यांपैकी ३२३ जणांना. फरक आहे, पण निव्वळ योगायोगानेही पडू शकेल एवढाच. त्याआधी नॉर्वेत ट्रॉम्सोला ५११ लोकांना पाच वर्षं आठवड्याला २० हजार देऊन झाले होते, तिथेही ठाम काही हाती लागलं नाही.

मधुमेह झालेलाच असेल तर नुसत्या ड ने तो आटोक्यात आलेला माझा एकही रुग्ण नाही. अभ्यासांतही फरक निघाला तर चिमूटभर, आणि तोही बहुधा ज्यांचं ड फारच खाली होतं त्यांच्यात.

म्हणून मृदुला, ११ पातळीला गोळी घ्यायचीच, पण हाडांसाठी आणि स्नायूंसाठी. साखर उतरली तर बोनस समजा.

आकडेमोड

डॉक्टरसाहेब, तुमच्या आकड्यांशी भांडण नाही, पण अर्धीच गोष्ट सांगितलीत. डी२डी मधल्या लोकांची सुरुवातीची सरासरी पातळी २८ होती आणि चारांतले तीनहून जास्त जण २० च्या वरच होते. ज्यांना कमतरता नाही त्यांना ड देऊन फरक पडला नाही, यात नवल ते काय? त्याच चाचणीत १२ च्या खाली असलेले शंभरेक लोक होते आणि त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण ६२ टक्क्यांनी कमी निघालं. मृदुलाताईंची पातळी ११ आहे.

शिवाय २०२३ मध्ये डी२डी, ट्रॉम्सो आणि जपानची चाचणी अशा तिन्हींचे लोक एकत्र करून पुन्हा हिशोब मांडला गेला. त्यात मधुमेह होण्याचा धोका १५ टक्क्यांनी कमी भरला.

स्टेथोविसरे

@आकडेमोड, मुद्दा रास्त आहे, पण ते शंभर लोक चाचणी संपल्यावर वेगळे काढून मोजलेले आहेत. २४०० माणसांचे हवे तितके गट पाडा, एखादा गट चमकतोच. जपानवाल्यांनी साधं ड दिलंच नव्हतं, एल्डेकॅल्सिटॉल नावाचं औषध दिलं होतं. आणि १५ टक्के ऐकायला छान वाटतात, प्रत्यक्षात तीन वर्षांत शंभरातले तीन-साडेतीन लोक वाचतात. म्हणजे तीस जणांनी तीन वर्षं गोळी खायची तेव्हा एकाचा मधुमेह लांबणार.

आकडेमोड

तीसात एक, तोही एवढ्या स्वस्त गोळीवर, मला तरी वाईट सौदा वाटत नाही. कोलेस्टेरॉलच्या गोळ्या याहून बेताच्या हिशोबावर लोक आयुष्यभर खातात. एंडोक्राइन सोसायटीनेही (संप्रेरकांच्या तज्ज्ञांची संघटना) २०२४ च्या मार्गदर्शनात मधुमेहाचा मोठा धोका असलेल्या उंबरठ्यावरच्या लोकांना ड द्यावं असं सुचवलंय.

स्टेथोविसरे

सुचवलंय, आणि त्याच वाक्यात 'आहार-व्यायामाच्या जोडीला' असंही म्हटलंय. व्हॉट्सॲपवर वाक्याचा तेवढाच भाग गळतो. आणि सूर्यपुत्र, त्याच सोसायटीने २०११ मध्ये ३० हा आकडा सांगितला होता, २०२४ मध्ये तोही सोडून दिला. ८० तर तेव्हाही कोणी म्हटलं नव्हतं. तुमचं कॅल्शियम कधी तपासलंय?

सूर्यपुत्र

मला काही होत नाहीये तर कशाला तपासू?

थेम्सकाठ

इथे लंडनमध्ये सरकारच सांगतं की ऑक्टोबर ते मार्च सगळ्यांनी रोज १० मायक्रोग्रॅम घ्या, म्हणजे ४०० युनिट. आपल्यासारख्या सावळ्या कातडीच्यांनी बाराही महिने घ्यायचा विचार करावा म्हणे. हिवाळ्यात सूर्य इतका खाली असतो की अंगावर ऊन पडलं तरी कातडीत ड तयार होत नाही.

पण माझी गंमत वेगळीच. माझं ड २२ आलं. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "बरं आहे की गं, माझं १४ आहे." तिला समजावून सांगेपर्यंत माझा लंच ब्रेक संपला. इथे नॅनोमोल मोजतात, भारतातल्या आकड्यासाठी त्याला अडीचने भागायचं, म्हणजे माझं नऊसुद्धा नाही. मग तिने साखर विचारली. एचबीए१सी ४३, म्हटलं. पलीकडून फोनच ठेवला गेला, आणि दोन मिनिटांत बाबांचा व्हिडिओ कॉल. इथली ४३ म्हणजे तिथली ६.१. मृदुला, तुझीच जुळी बहीण आहे मी!

तिरकस_आण्णा

हसून हसून पुरेवाट. आमच्या हिला ४३ सांगितलं असतं तर तिने आधी वजन समजून अभिनंदन केलं असतं.

तांबडा_पांढरा

आमच्याकडं सगळं उलटं. वडील वय ६८, आयुष्य उसात गेलं, उन्हानं काळे ठिक्कर, आणि ड आलं १३. डॉक्टरला म्हटलं मशीन बिघडलंय की वं तुमचं. ते म्हणाले, अंगावर काय घालून असतात? पायजमा, पूर्ण बाहीचा शर्ट, डोक्याला टापर. आन् ऐन उन्हात बांधावरच्या झाडाखाली झोप. मग ऊन लागतंय कुठं, तोंडाला आन् हाताच्या पंजाला.

साखर मात्र नाही त्यांना. पांढरा रस्सा पिऊन १०२.

गच्चीवरची

पण कोवळं ऊन घ्यावं असंच ऐकत आलोय ना आपण? लहान बाळांनाही सकाळी सातला उन्हात धरतात.

स्टेथोविसरे

बाळाला ऊब मिळते, आजीला समाधान मिळतं, पण ड जवळजवळ नाही. ड साठी अतिनील ब किरण लागतात आणि सूर्य तिरका असताना ते वातावरणातच अडकतात. ठोकताळा असा की आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हाचं ऊन कामाचं. म्हणजे साधारण दहा ते तीन. हात-पाय उघडे हवेत. खिडकीच्या काचेतून येणारं ऊन उपयोगाचं नाही, काच नेमके तेच किरण अडवते. त्यामुळे लोकलमध्ये खिडकीची जागा मिळाली तरी मृदुलाला फायदा नाही.

मृदुला_के

खिडकीची जागा?? डॉक्टर, तुम्ही डोंबिवलीहून कधी प्रवास केलेला दिसत नाही.

तिरकस_आण्णा

हे वाचून काल दुपारी बाराला गच्चीत बनियनवर उभा राहिलो. आज नोटीस बोर्डावर 'गच्चीचा वापर सभ्य पोशाखात करावा' असा कागद लागलाय. खाली सेक्रेटरीची सही. विज्ञानाची ही अशी गळचेपी.

गोंयकार_बाब

तुम्ही सगळे गोळी आणि गच्ची करत बसलात, बांगडा कुणाच्या लक्षात नाही! तारले, बांगडे, पेडवे, या तेलकट माशांत ड असतं बाबांनो. आमच्या लहानपणी घरात शार्क लिव्हर ऑइलची बाटली असायची, वास आठवला तरी अजून पोटात ढवळतं. पावसात मात्र पंचाईत. जून-जुलै ट्रॉलर बंद, आणि आभाळही बंद.

सुगरण_नव्हे

आम्ही शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. आता दुधाच्या आणि तेलाच्या पिशवीवर ते निळं 'अधिक एफ' चिन्ह असतं, त्यात अ आणि ड घातलेलं असतं म्हणे. त्याने भागत नाही का?

आकडेमोड

त्या दुधात लिटरमागे दोनशे ते तीनशे युनिट असतात. आठवड्याच्या एका गोळीची बरोबरी करायला दोनशे ते तीनशे लिटर दूध प्यावं लागेल. थेंबाथेंबाने भर पडते तेवढी चांगली, पण ११ ची ३० व्हायची नाही.

लेकुरवाळी

इथे चेष्टा चाललीय ती चालू द्या, पण एक गंभीर अनुभव लिहिते. कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

सासूबाई, वय ७१, मधुमेह जुना. गुडघेदुखीसाठी गावातल्या एका डॉक्टरांनी ड चं सहा लाखांचं इंजेक्शन दिलं. बरं वाटलं. मग आमच्याकडे शहरात आल्यावर दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनीही तेच दिलं. आधीचं दिलेलं आम्हाला ठाऊक नव्हतं आणि त्यांनाही सांगायची गरज वाटली नाही. मधे कधीतरी नणंदेकडे राहिल्या तिथे तिसरं. शिवाय रोजची कॅल्शियमची गोळी, तिच्यातही ड असतंच.

एक दिवस सारखी तहान, सारखी लघवी. आम्ही काय समजणार? साखर वाढली. घरच्या मशीनवर बघितली तर १७०-१८०, म्हणजे त्यांच्या मानाने नेहमीचीच. तरी गोळी वाढवून झाली. मग मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठ, आणि बोलण्यात गोंधळ. दीर आणि मी त्यांना आमची नावं विचारून बघत होतो. ॲडमिट केल्यावर एका तरुण डॉक्टरने कॅल्शियम तपासलं, ते १३.६. ड ची पातळी मशीनच्या मोजमापाच्या वर. क्रिएटिनिनही, म्हणजे किडनीचा आकडा, वाढलेलं. सलाईन, इंजेक्शनं, स्टेरॉइड, आणि पुढे कितीतरी आठवडे दूधसुद्धा मोजून.

तहान आणि लघवी वाढली की साखरच असते असं नाही, हे तेव्हा कळलं.

स्टेथोविसरे

लेकुरवाळी, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. मी लांबलचक लिहूनही ही बाजू राहिलीच होती. रक्तात कॅल्शियम वाढलं की मूत्रपिंडाला पाणी धरून ठेवता येत नाही, मग लघवी, मग तहान. मधुमेही घरात पहिला संशय साखरेवरच जातो. ड चरबीत साठून राहतं, त्यामुळे गोळी थांबवली तरी पातळी लगेच खाली येत नाही, आठवडे-महिने जातात.

एकदम मोठा डोस म्हणजे जास्त फायदा, हेही खरं नाही. ऑस्ट्रेलियात सत्तरीच्या पुढच्या बायकांना वर्षातून एकदा पाच लाख युनिट देऊन बघितले, २०१० मध्ये ते छापून आलं. पडणं आणि हाड मोडणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं.

ज्यांना मुतखडा होऊन गेलाय, किडनीचा त्रास आहे, क्षयरोग किंवा सारकॉइडोसिस आहे, किंवा बीपीसाठी क्लोरथॅलिडोन, हायड्रोक्लोरोथायझाइड अशी लघवी वाढवणारी गोळी चालू आहे, त्यांनी ड स्वतःच्या मनाने घेऊच नये.

फार्मसीवाला

काउंटरवरचं सांगतो. एका पाकिटात चार गोळ्या. चिठ्ठीवर लिहिलेलं असतं आठवड्याला एक. निम्मे लोक रोज एक घेऊन पाचव्या दिवशी परत येतात, "ती विटामिनची द्या, संपली." मी समजावतो, तर म्हणतात ताकदीचीच आहे ना, काय होतंय. दुसरे दोन वर्षांपूर्वीच्या चिठ्ठीवर अजून नेतात. चिठ्ठीची घडी फाटून डॉक्टरचं नावही गेलेलं असतं. मी देत नाही म्हटलं की समोरचा दुकानदार देतो.

लेकुरवाळी

म्हणूनच आता सासूबाईंच्या फाइलवर पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय, 'ड देऊ नये, विचारावे'.

वऱ्हाडी_ठेचा

आमच्या बाबांचं अजून तिसरंच. मधुमेहाच्या गोळ्या बारा-तेरा वर्षांपासून. पायाची आग होते, मुंग्या येतात, चालताना गादीवर चालल्यासारखं वाटते म्हणे. गल्लीतल्या सगळ्यांनी ठरवलं ड कमी आहे. घेतलं बाप्पा ड. काही फरक नाही. मग नागपूरला दाखवलं तर बी१२ निघालं एकदम कमी. ती मेटफॉर्मिनची गोळी वर्षानुवर्षं घेतली का बी१२ उतरते, हे आम्हाले आजवर कोणी सांगितलंच नव्हतं. वरून माळकरी घर, मटण-अंडं नाही.

इंजेक्शनं सुरू केल्यावर मुंग्या बऱ्याच कमी झाल्या, आग पूर्ण गेली नाही.

स्टेथोविसरे

अगदी बरोबर. मेटफॉर्मिन चालू असेल तर अधूनमधून बी१२ बघायलाच हवं, विशेषतः शाकाहारी माणसाचं. धाग्याच्या विषयाबाहेरचं असलं तरी ड पेक्षा या सल्ल्याने जास्त लोकांचे पाय वाचतील.

पेठेतला_एक

वरची सगळी चर्चा वाचली. एक शंका. अमेरिकेतल्या त्या २४२३ लोकांचा सरासरी बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) ३२ होता. आपल्याकडे सडपातळ माणसाला मधुमेह होतो. ती मापं आपल्याला लावायचीच कशाला?

पुण्यात केईएमच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी आणि लंडनच्या डॉ. युडकिन यांनी २००४ साली लॅन्सेटमध्ये स्वतःचाच फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. दिसायला दोघेही बारीक. आपल्या लोकांचं दुखणं हे आहे, आणि त्यावर ड ची गोळी काय करणार?

आकडेमोड

पेठकर, शंका बरोबर आहे, पण ती दोन्हीकडे लागू होते. तिथे फायदा दिसला नाही म्हणून इथेही दिसणार नाही, असंही म्हणता येणार नाही.

मात्र आहार-व्यायामाबद्दल आपल्याकडचाच पुरावा आहे. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांची चाचणी, २००६. उंबरठ्यावरचे ५३१ लोक, तीन वर्षं. नुसता नेहमीचा सल्ला दिलेल्यांपैकी शंभरातल्या ५५ जणांना मधुमेह झाला, चालणं-खाणं नीट मार्गी लावलेल्यांपैकी ३९ जणांना. म्हणजे शंभरात सोळा वाचले. वर डॉक्टरांनी ड चे तीन-साडेतीन सांगितलेत. इथे मी डॉक्टरांच्या बाजूने आहे, नोंद घ्यावी.

तिरकस_आण्णा

या धाग्यावर पुणेकराने शंका काढली आणि समोरच्याने 'बरोबर आहे' म्हटलं. वाचनखूण साठवली आहे.

सूर्यपुत्र

सगळ्यांच्या समाधानासाठी आज कॅल्शियम करून आलो. १०.१. नॉर्मल. क्रिएटिनिन ०.९. झालं?

स्टेथोविसरे

उत्तम, मनापासून आनंद झाला. आता दर आठवड्याच्या ऐवजी महिन्याला एक घ्या, तरी तुमचे गुडघे ओळखणार नाहीत.

सूर्यपुत्र

विचार करतो. पंधरवड्याला एकवर तडजोड होते का?

मृदुला_के

इतक्या प्रतिसादांबद्दल सगळ्यांचे आभार. आठ आठवड्यांनंतर काय, हा माझा प्रश्न मात्र बांगड्यांत वाहून गेला. मुतखडा नाही, बीपीची गोळी नाही. नवऱ्याला खडा होऊन गेलाय, आणि परवा तो माझ्या पाकिटातली गोळी घेणार होता, त्याला अडवला.

आणि त्या मैत्रिणीला आज खोदून विचारलं. ड खेरीज काही घेत नव्हतीस का? आधी नाही म्हणाली. मग हळूच, "लोहाच्या गोळ्या होत्या, पाळीचा फार त्रास होता ना, हिमोग्लोबिन आठवर गेलं होतं." त्याचा साखरेशी काय संबंध, म्हणून तिने सांगितलं नव्हतं म्हणे.

स्टेथोविसरे

संबंध आहे! एचबीए१सी म्हणजे तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर. लोह कमी असलं की साखर तेवढीच असूनही हा आकडा फुगलेला येऊ शकतो. लोह दिलं, नव्या ताज्या पेशी आल्या, की आकडा उतरतो. तिची ६.३ वरून ५.७ झाली त्यात ड चा वाटा किती, लोहाचा किती आणि खाण्यापिण्याचा किती, हे आता कोणी सांगू शकणार नाही. पण श्रेय एकट्या ड ला देता येत नाही. तुमचं हिमोग्लोबिन किती आहे?

मृदुला_के

९.६. रिपोर्टात होतं, मी साखरेच्याच पानावर अडकले होते.

आकडेमोड

घ्या. म्हणजे ६.१ हाच आकडा संशयास्पद.

स्टेथोविसरे

संशयास्पद, पण सुटका नाही. उपाशीपोटी ११२ चा लोहाशी संबंध नाही, आणि १०० ते १२५ म्हणजे उंबरठाच. घरात आई आणि मावश्या आहेत हेही विसरू नका. तुमच्या डॉक्टरांना हिमोग्लोबिन दाखवा, फेरिटिन (अंगात साठलेल्या लोहाची तपासणी) करायचं का विचारा. आणि साखर नक्की कुठे आहे हे बघायला ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी करतात ती तपासणी करून घ्या, तिला हिमोग्लोबिनची अडचण येत नाही. तीन महिन्यांनी नुसती एचबीए१सी केली आणि मधे लोह चालू असलं, तर आकडा उतरलेला दिसेल आणि तुम्हीही इथे येऊन ड चा जयजयकार कराल.

ड बद्दल: आठ गोळ्या पूर्ण करा, जेवणानंतर घ्या, पोटात थोडी चरबी असली की नीट शोषली जाते. त्यानंतर साधारण रोज १००० ते २००० युनिट किंवा महिन्याला एक ६० हजारची, म्हणजे हिशोब तोच. यातलं काय आणि किती दिवस, हे तुमचे डॉक्टर ठरवतील, त्यांनी तुम्हाला तपासलंय, मी नाही. आठवड्याची गोळी आपणहून पुढे चालू ठेवू नका, एवढंच.

थेम्सकाठ

जुळी बहीण, माझं हिमोग्लोबिनही बघते आता. आईला मात्र सांगणार नाही. इथे लिटरवर मोजतात, ९६ ऐकलं तर तिला वाटेल माझ्या अंगात रक्त फार झालंय.

मृदुला_के

हाहा. शनिवारची वेळ घेतली आहे, ग्लुकोजवाली तपासणी आणि फेरिटिन दोन्ही. संध्याकाळी एक स्टेशन आधी उतरून चालत यायचं ठरवलंय, कोपरहून. एक शेवटची शंका: गरोदरपणात ते ग्लुकोजचं पाणी प्यायले होते तेव्हा सगळं उलटून पडलं होतं. त्यात लिंबू पिळलेलं चालतं का?

फार्मसीवाला

बहुतेक लॅबवाले थोडं लिंबू चालवून घेतात, पण आधी विचारा. पाणी गार असलं तर बरं जातं. आणि दोन तास तिथेच बसून राहा, मधे चहा प्यायला गेलात तर पैसे पाण्यात.

तिरकस_आण्णा

दोन तास बसायचंच आहे तर लॅबच्या बाहेर उन्हात बसा. सभ्य पोशाखात.